अडल्यास केदारला विचारा

८ जाने., गुरु.
नवीन काम. आपल्याच सर्च टूलचं डॉक्युमेंटेशन तपासायचं, दहापैकी मार्क द्यायचे. टूल सोसायट्यांच्या नोटिसा, मीटिंगची इतिवृत्तं, पाण्याच्या वेळा असं सगळं शोधून देतं. पण वापरणारा माणूस नाही, एआय एजंट. सभासद विचारणार, उद्या पाणी आहे का. एजंट आपलं डॉक्युमेंटेशन वाचणार, त्याप्रमाणे टूल चालवणार, उत्तर देणार. म्हणजे वाचक असा की जो कंटाळत नाही आणि चुकला तरी लाजत नाही.

लिहिलंय केदारने, स्वतः. मालकही तोच, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. बुधवारी निकाल, मग क्लायंटकडे. माझं प्रोबेशन याच महिन्यात संपतंय. छान मुहूर्त काढलाय.

९ जाने., शुक्र.
वाचून काढलं. सगळं कळलं. इतकं कळलं की शंका आली. मग ट्यूब पेटली: मला ते आधीच माहीत होतं. आमच्याकडे वाचतंय कोण? अडलं की खुर्ची मागे ढकलायची नि ओरडायचं, "केदार, हे कसं रे?" तो वडापाव खाता खाता सांगतो. वर्तकनगरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात भागतं. त्याने तेही इमानदारीत लिहून ठेवलंय, शेवटच्या पानावर: "अडल्यास केदारला विचारा."
हसले. पण एजंट कसा विचारणार?

१० जाने., शनि.
अण्णांना बसवलं. सासरे टेलिफोन खात्यातून रिटायर. कागदावर नाही ते जन्मात केलं नाही. हातात प्रिंट, पुढ्यात लॅपटॉप, अट एकच: कोणाला काही विचारायचं नाही. प्रश्न दिला, आपल्या मागच्या गल्लीतल्या शिवकृपा सोसायटीची टाकी कधी धुणार?

अण्णांनी उदाहरणात दिलंय तस्संच टाइप केलं. उत्तर आलं. खूश. उत्तर कल्याणच्या शिवकृपाचं होतं.

"मी कागदाप्रमाणे केलं, प्रज्ञा. चूक असेल तर ती कागदाची."

खरंय. आपल्याकडे गल्लीगणिक एक शिवकृपा, एक साईदर्शन. पूर्व की पश्चिम, डेअरीसमोरची का, हे आपण न सांगता विचारतो. केदार आमच्या डोंबिवलीतच वाढला, त्यामुळे हे लिहायचं त्याला सुचलंच नाही. टूलमध्ये विभाग टाकायची सोय आहे. पण डॉक्यु.मध्ये पुढे एकच शब्द: ऐच्छिक.

मिलिंद म्हणतो, नवरा सोडून सासऱ्याला बिनपगारी कामाला लावणारी पहिलीच सून.

१२ जाने., सोम.
आज खऱ्या एजंटवर चाचणी. शिवकृपात अण्णांसारखाच आपटला. मग विचारलं, आमची लिफ्ट कधी दुरुस्त होणार. अडला. डॉक्यु. वाचलं. केदारला विचारा, असं दिसल्यावर त्या आज्ञाधारक बाळाने टूलमध्ये "केदार" शोधलं. विठ्ठलवाडीच्या एका सोसायटीची नोटीस सापडली. तिथल्या कोणा केदारला समज दिली होती. एजंटचं उत्तर, शब्दशः:

"केदार यांनी लिफ्टबाबत काही म्हटलेलं आढळत नाही. मात्र त्यांनी कुत्रा जिन्यात बांधू नये."

शेजारच्या टेबलावरची रेश्मा नि मी, दोघी पोट धरून. केदार बाहेर होता म्हणून बरं.
घरी येताना मात्र हसू गेलं. हेच उत्तर चौथ्या मजल्यावरच्या एखाद्या गुडघेदुखीवाल्या आजींना मिळालं तर.

१३ जाने., मंगळ.
मार्क ठरेनात. सात दिले तर सगळे खूश. खरे चार. आठ वर्षं घरी बसलेल्या बाईला दुसऱ्या कोणी इंटरव्ह्यूलाही बोलावलं नव्हतं, यानेच घेतलं. भीती वाटते, उगाच शूरपणाचा आव कशाला आणू. नोकरी हवीय मला. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायला आवडतं.
मिलिंद म्हणाला, खाल्ल्या मिठाला जागावं. तेच तर कळत नाही. जागायचं म्हणजे सात की चार?

१४ जाने., बुध.
संक्रांत. सगळे तिळगूळ देतायत, गोड बोला म्हणतायत, नि माझ्या पर्समध्ये चार मार्क.

दिले. सगळ्यांसमोर. केदार लालेलाल. म्हणाला, "ताई, माझी माणसं इतके दिवस यावरच काम करतायत ना?"
"यावर नाही हो. तुमच्यावर करतायत."
मग कुत्र्याचं वाचून दाखवलं. सगळे हसले, तो सोडून. लॅपटॉप मिटून बाहेर गेला. क्लायंटला काय कळवलं, माहीत नाही. रेश्माने माझ्या हातावर आणखी एक लाडू ठेवला.

१६ जाने., शुक्र.
काल दिवसभर के. लॅपटॉपमागे. मीही. ऑफिसात कोणी खुर्ची मागे ढकलत नाही, सगळे कागद चाळतायत आणि अडतायत. आज संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला. क्लायंटकडून महिनाभराचा वेळ मागून घेतलाय. पहिला भाग मी सांगितल्याप्रमाणे नव्याने लिहिलाय. मग जरा अडखळत, "तुमच्या सासऱ्यांना भेटता येईल?"
प्रोबेशनबद्दल चकार शब्द नाही.

१८ जाने., रवि.
के. घरी आला. अट त्यालाही तीच, बोलायचं नाही. अण्णांनी चष्मा पुसला, नवीन प्रिंट घेतली. विभाग: डोंबिवली पूर्व. आमचीच शिवकृपा आली. केदारचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं.
मग तारखेपाशी अण्णा थांबले. के. खुर्चीच्या टोकावर, ओठ हलायला लागले. मी थालीपीठ पुढे केलं, तोंड भरलेलं राहावं म्हणून.
"इथे वर्ष घालायचं की नाही, सांगितलेलं नाही," अण्णा म्हणाले. के.ने मुकाट लिहून घेतलं. असं तीनदा. जाताना नवा भाग टेबलावर ठेवून गेला, पुढच्या रविवारसाठी.

दारात चपला घालता घालता म्हणाला, "प्रज्ञाताई, आता हे कायम तुम्हीच बघायचं."
आतून अण्णा, "कायम म्हणजे प्रोबेशन संपलं का? लेखी द्या."
के. हसला, मान हलवली आणि जिना उतरला. पाठमोरा होता. हो म्हणून हलवली की नुसतीच, कळलं नाही.

हाक मारून विचारणार होते. अण्णा म्हणाले, विचारू नकोस, कागद येऊ दे.