टोपीवाल्याची दाढ

१० जून, मंगळवार

टोपीवाला माझ्या खुर्चीत! आणि सांगायचं कोणाला? कोणालाच नाही. या धंद्यात पेशंटनं तोंड उघडायचं आणि डॉक्टरनं बंद ठेवायचं. म्हणून हे इथे.

अकराची वेळ, नवा पेशंट, कार्डावर नुसतं आडनाव आणि आद्याक्षर. साठी उलटलेले गृहस्थ, डावा गाल धरलेला, डोक्यावर कानांपुरते केस. मी ओळखलं नाही. कसं ओळखणार? आमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणून नऊ वर्षं त्यांना मैदानाच्या कडेला पाहिलं, पण टोपीशिवाय एकदाही नाही. "आ करा" म्हटलं आणि आत बघितलं. उजव्या दाढा ठणठणीत. डाव्या पार सपाट, जुन्या जात्यासारख्या. नऊ वर्षं डाव्या बाजूनं च्युइंग गम चघळणारा माणूस आख्ख्या गावाला एकच माहीत आहे.

मी आरसा उलटाच धरला. त्यांना वाटलं असेल, बाई शिकाऊ दिसते.

खालची, शेवटून दुसरी. उभी तडकलेली. रूट कॅनल करायचं, वर कॅप बसवायची. म्हणजे तीनचार मंगळवार तरी येणार. आणि बरोबर या खुर्चीच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, आमचे बाबा पेपर वाचत बसलेले. बाबा त्यांना 'पोरंखाऊ' म्हणतात. त्यांनी क्लब सोडून आठ वर्षं झाली, तरी म्हणतात.

११ जून, बुधवार

आज घरात दुसरंच. आमच्या लेकीला, ठकीला, फोन आला! मुलींच्या अठरा वर्षांखालच्या संघात निवड. क्लब छोटा आहे, पण मैदान चांगलं, बूट तेच देणार. महिनाअखेर हो-नाही कळवायचं. पोरगी जिन्यात नाचली. मीही नाचले असते, पण खाली दोन पेशंट बसले होते.

मग बाबा म्हणाले, "नाही."

एवढंच. आणि जेवायला बसले.

ठकीला चेंडूला पाय लावायला शिकवलं ते याच माणसानं. शिंपीकाम आटोपून, सुईदोरा खिशात ठेवून, गल्लीत. तिला पहिला शर्ट शिवला त्यांनीच, पाठीवर मोठा सात आकडा. आता म्हणतात, नाही. मी विचारलं का, तर म्हणाले, "एक पोर हाताला धरून नेलं होतं. पुरे झालं."

ठकीनं रात्री मला सांगून टाकलं — आजोबा नाही म्हणाले तर मी जाणार नाही. सतरा वर्षांची आहे, एरवी माझं एक ऐकत नाही.

१५ जून, रविवार

सीझन संपला की आमच्या मंडळींना दिवस खायला उठतो. मॅच नाही, मग जुनी मढी उकरा. रविवारी क्लिनिक बंद, म्हणून सगळे माझ्या वेटिंग रूममध्ये. हिरड्यांच्या तक्त्याखाली बाबा, समोर गणिताचे मास्तर, दाराशी शेजारचे किल्लीवाले. नवरा नेहमीप्रमाणे वर झोपलेला. त्याच्या मते फुटबॉल म्हणजे बावीस माणसांना एक चेंडू पुरत नाही एवढंच.

विषय कुठला? टोपीवाल्यानं पोरं घडवली की बिघडवली!

मास्तर — "एकवीस पोरं वर आणली त्यानं. त्याच्या आधीच्यानं किती? तीन."

बाबा — "त्या एकविसातली चार मिनिटांची किती, ते सांगा. शेवटी चार मिनिटं उतरवलं म्हणजे काय खेळवलं? मी शर्टाला नुसतं बटण लावलं तर शर्ट शिवला म्हणाल का?"

मास्तर — "चार मिनिटं ही चार मिनिटं असतात. मोजावीच लागतात."

किल्लीवाले — "दोघांचंही बरोबर आहे."

बाबा — "तुम्ही किल्लीसुद्धा दोन्ही बाजूंनी घासता!"

मग व्हायचं तेच झालं. बाबा डावखुऱ्यावर आले. डावखुरा आमच्याच गल्लीतला. बाबांनी त्याचं पाऊल ओळखलं, हाताला धरून क्लबात नेलं. टोपीवाल्यानं त्याला अठराव्या वर्षी फायनलला उतरवलं, पेनल्टी मारायला लावली. चेंडू गेला दांडीवरून. त्यानंतर एकदाही खेळवलं नाही. वर्षभरात पोरानं बूट टांगले. आता परगावी गाड्या विकतो, लठ्ठ झालाय, सुखात आहे. पण बाबा नाहीत. "पोर रडत होतं आणि हा कडेला उभा राहून बकरीसारखं चघळत होता," म्हणाले. दरवेळी इथे त्यांचा आवाज फाटतो. आजही फाटला.

"डॉक्टर, आज तुम्ही गप्प?" मास्तरांनी विचारलं.

"दाढ दुखतेय," मी म्हटलं.

१७ जून, मंगळवार

एक गोष्ट मला आठवडाभर कुरतडत होती. च्युइंग गमनं दाढा अशा सपाट होत नाहीत. अशा होतात त्या दात आवळल्यानं. जबडा मिटून, वर्षानुवर्षं.

आज विचारलंच. "दात आवळायची सवय आहे?" भूल दिलेली, तोंडात रबराचा पडदा. त्यांनी मान हलवली — हो. मग बोटानं चघळल्याची खूण केली, आणि हात आडवा हलवला. थोडा वेळ गेला माझा कळायला. म्हणजे गम होता तो दात आवळू नयेत म्हणून! कुठल्यातरी डॉक्टरनं सांगितलेला उपाय. आख्खं स्टेडियम नऊ वर्षं त्याला माज म्हणत होतं.

"आणि ही तडकली कधी?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं उभी केली. बोटं पळाली. थांबली. लाथ मारली. मग तेच बोट वर, वर, छताकडे — दांडीवरून.

मी उगाच लाईट सरळ केला.

तेव्हाची तडक इतकी वर्षं तशीच होती, आता आतल्या नसेपर्यंत पोचली. नंतर भूल उतरेपर्यंत ते बाहेर, रस्त्यापलीकडे समोरच्या बाकावर बसून राहिले. आणि वर पाहते तो बाबा खिडकीत, कुंड्यांना पाणी घालताहेत! जीव टांगणीला लागला माझा. पण बाबा दूरचा चष्मा लावत नाहीत. म्हातारा दिसतो म्हणे त्यात.

१८ जून, बुधवार

ठकी घरात आहे की नाही कळत नाही, एवढी शहाण्यासारखी वागतेय. कपबशा विसळते. हे काही बरं लक्षण नाही.

२४ जून, मंगळवार

आज थोडंच काम होतं, भूल नको होती. म्हणजे बोलता येत होतं. मी कधीची तयारी करून बसलेली, आणि ऐनवेळी तोंडातून निघालं ते, "मी लहानपणापासून तुमच्या क्लबची आहे." लाल झाले असणार. हसले ते. "मग इंजेक्शन जोरात दिलंत ते बरोबरच."

मग मी विचारलं डावखुऱ्याचं. आमच्या गल्लीतला, म्हटलं.

त्यांनी आधी पाण्यानं चूळ भरली. मग म्हणाले, "पेनल्टी मारायला तो तयार नव्हता. मीच पुढे केला. पुढच्या मॅचला तो नुसता वॉर्मअपला उतरला तरी लोक ओरडायला लागले. अठरा वर्षांचं पोर. मी म्हटलं, याला बसवतो, म्हणजे शिव्या मला बसतील. बसल्याही."

"तुम्ही त्याला सांगितलंत हे?"

"नाही. तिथे चुकलो. पोरांना वाचवतो म्हणालो आणि पोरांशी बोललोच नाही." मग एकदम, "त्याला मुलं किती?"

दोन मुली आहेत, मी सांगितलं. मान हलवली. खूश झाले असं वाटलं मला.

जाताना दारात थांबले. "परत पोरांत जावं का, असा विचार चाललाय. बायको विचारते, दाढा किती उरल्यात?"

मला हे सगळं धावत वर जाऊन बाबांना सांगायचं होतं. इतकं सांगायचं होतं की जिन्याच्या चार पायऱ्या चढलेसुद्धा. मग उतरले. पेशंट तो पेशंट.

२५ जून, बुधवार

रात्री बाबांना एवढंच म्हटलं, "नाही म्हणा, पण बघून तरी नाही म्हणा. शनिवारी सराव आहे. कापड न बघता माप घेता का कधी?" बाबा हं म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ आईला कळायचा, मला अजून नाही.

२८ जून, शनिवार

गेले! इस्त्रीचा शर्ट घालून, ठकीला घेऊन गेले. दोन तासांनी परत आले. चहा झाला. दुसरा चहा झाला. मग म्हणाले, "कोच बरा आहे. एकदाही ओरडला नाही. एक पोरगी चुकली तर तिच्याजवळ जाऊन, खाली बसून बोलला." आणि ठकीकडे न बघता, "सोमवारपासून बूट पुसून ठेवत जा. मी नाही पुसणार."

ठकीनं त्यांच्या गळ्यात उडी मारली, चहा सांडला, नवरा जागा झाला.

मग स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात ओढून कुजबुजली, "आई, आजोबांना सांगू नकोस हं. कोच कोण आहे माहितीये? मुलींनी सांगितलं, टोपीवाला! टोपी नव्हती म्हणून आजोबांनी ओळखलंच नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे ते परत पोरांत गेले, आणि नेमके आमच्या पोरीत!

हे कळलं तर बाबा घर डोक्यावर घेतील. ठकीला शपथ घातली. तिनं मला घातली. नवऱ्याला काही सांगितलंच नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

६ जुलै, रविवार

आज मास्तर पेटले होते. "ऐकलंत का, टोपीवाला परत आलाय म्हणे! कुठल्यातरी मुलींच्या संघात—"

मी हातातला ट्रे पाडला. मुद्दाम. ठकी जोरजोरात खोकायला लागली.

आणि बाबांनी चक्क विषय बदलला! किल्लीवाल्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागले. आयुष्यात केली नव्हती. किल्लीवालेही गडबडले, कुठला गुडघा दुखतो तेच त्यांना आठवेना. म्हटलं, सुटलो बाई. बाबांना नीट ऐकूही येत नाही हल्ली, देवाची कृपा.

१५ जुलै, मंगळवार

कॅप बसली. टोपीवाल्याच्या दाढेला टोपी — हा विनोद मी पाच आठवडे जपून ठेवला होता, आज केला. ते हसले, पण मला वाटतं त्यांनी आधीच स्वतःशी केला होता.

रात्री लावायची दातांची पट्टीही दिली. "मैदानावर पण लावू का?" म्हणाले. ठकी माझी मुलगी, हे मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. पण जाताना म्हणाले, "सात नंबरची पोरगी चेंडूकडे न बघता पास देते. कोणीतरी फार लहानपणी शिकवलंय तिला."

शिंप्यानं शिकवलंय, हे ओठांवर आलं होतं.

२६ जुलै, शनिवार

ठकीची पहिली मॅच! आम्ही सगळे कुंपणाशी. नवरासुद्धा जागा. पहिला हाफ बाकावर. दुसरा हाफही बाकावर. बाबांनी कुंपणाची तार अशी धरलेली की हातावर वळ उठले. मी कोचकडे बघत होते — टोपी नाही, गम नाही, पण जबडा आवळलेला. पट्टी नाही लावली, लबाड!

शेवटी उतरवलं. ठकीनं एक कॉर्नर मारला, त्यातून काही झालं नाही. एक पास दिला, न बघता. शिट्टी. एक-एक बरोबरी.

परतताना नवरा म्हणाला, "एवढं आवरून आलो आणि पोरगी चारच मिनिटं खेळली?"

बाबा भर रस्त्यात थांबले. "चारच? पूर्ण चार मिनिटं खेळली! मोजायची असतात ती."

मी मास्तरांना हे सांगणार आहे. वेळ बघून.

२७ जुलै, रविवार

बाबा सकाळी स्वतःहून खाली आले. दहा वर्षं मागे लागलेय, कधी खुर्चीत बसले नाहीत. आज बसले. डावा गाल धरून. खालची, शेवटून दुसरी. ताजी तडक.

"कधी झालं हे?" आरसा तोंडात, बोलता येईना. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं उभी केली. बोटं पळाली, थांबली, लाथ मारली. कॉर्नर.

मी आरसा काढला. मला हसू आवरेना. तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांचीही हीच होती का गं?"

"कोणाची?"

"मंगळवारी यायचे त्यांची. समोरच्या बाकावर बसायचे."

"बाबा! तुम्हाला तर चष्म्याशिवाय—"

"नऊ वर्षं शिव्या घातल्यात मी त्यांच्या चालण्याला. चष्मा कशाला लागतो?"

"म्हणजे ठकीला हो म्हणालात तेव्हा—"

"तेव्हाही माहीत होतं." गाल चाचपत राहिले. "सांग ना. हीच होती?"

मी म्हटलं, "बाबा, आ करा."