पाणी ओतायची खिडकी

३ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! आमोद — ट्रस्टींचे चिरंजीव, वय अठ्ठावीस, ज्ञान अफाट — म्हणतो, "मॅडम, धर्मशाळेचा कॅफे करताना ती जरा जुनी दिसायला हवी." अहो, बुधवार पेठेत सव्वाशे वर्षं उभी आहे ती! अजून किती जुनी दिसू दे? माझं करिअर हे असं. म्हाताऱ्या इमारतींना नोकऱ्या लावून देते.

६ फेब्रुवारी
बोळाकडच्या भिंतीचं सिमेंट खरवडलं. विटांनी बुजवलेली खिडकी निघाली, परातीएवढी. विटा काढल्या, तर बाहेरच्या अंगाला दगडी पन्हळ.

आमोद म्हणे, "व्हेंटिलेशन असेल."

डोंबलाचं व्हेंटिलेशन! आमच्या लोकांना आत घेत नसत. आतून पाणी ओतायचे, बोळात उभं राहून ओंजळीनं प्यायचं. बाबांची आजी अशाच एका खिडकीचं पाणी प्यायली. हीच की दुसरी, कोण जाणे.

हे सांगितल्यावर आमोद लालबुंद. "परत बुजवू ना. फार निगेटिव्ह वाटतं."

म्हटलं, खिडकी राहणार. नाहीतर दुसरा आर्किटेक्ट बघा.

७ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. कसलं काय! बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "बुजव ते, आम्रपाली. आमचा अपमान शोकेसला लावतेस?"

भांडलो. जेवताना "आमटी वाढ", एवढंच बोलणं. बुजवलं की ट्रस्टवाले म्हणायला मोकळे — आमच्याकडे असलं काही नव्हतंच! बाबांना हे कळत कसं नाही?

१३ फेब्रुवारी
आमोदचा फोन. "पटलं तुमचं. खिडकी ठेवतोय." जिंकले! बाबांसाठी मुद्दाम जिलबी नेली. त्यांनी हात लावला नाही. सगळी मीच खाल्ली.

१९ फेब्रुवारी
साइटवर गेले, तर खिडकीवर पाटी — 'पार्सल येथे मिळेल'.

आमोद खुशीत. "डिलिव्हरीवाली पोरं आत नकोत, गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. इथूनच पिशवी द्यायची. बाहेरच्या बाहेर!"

त्याला खरंच काही कळलं नव्हतं. चेहरा नुकत्याच दूध प्यायलेल्या बाळाचा. म्हटलं, काढ ती पाटी! तर म्हणतो, "अहो, तुम्हीच म्हणालात ना, खिडकी ठेवा?"

कपाळ माझं! रागानं रडूच आलं. त्याच्यासमोर. शी!

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट तेवढा काढून ठेवला.

२० फेब्रुवारी
बुजवली. चुन्याची पहिली थापी बाबांनी मारली — आत उभं राहून. वाकडीतिकडी बसली. गवंडी सारखी करायला आला, मी त्याचा हात धरला.

आमोद फोनवर ओरडतोय. ओरडू दे.

ती थापी तशीच राहणार. हेरिटेज आहे.