बांगडीचं माप

घोटी, २२ जुलै १९९६

चि. सौ. आशास आबांचे अनेक आशीर्वाद.

भाताची आवणी उरकली. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. धोंड्याच्या वाणाला तुम्ही दोघं आलात, तेव्हा सुलाबाई कासारणीनं तुला डझनभर बांगड्या भरल्या होत्या. पंधरवड्यात सगळ्या वाढवल्यास? हात आहेत का मुसळं! तुझा निरोप आल्यापासून मला चैन नाही. सवाष्णीचे हात उघडे बरे नव्हेत. सुलाबाई ओझरच्या बाजाराला येते, तिला तुझ्या घरी धाडतो. जावईबापूंना नमस्कार. माया असू दे.

तुझे आबा

ओझर, १ ऑगस्ट

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मोरी निसरडी आहे, पडले, त्यात बांगड्या गेल्या. सुलाबाई आल्या होत्या, पण भरणं जमलं नाही. नागपंचमीला मला न्यायला मूळ पाठवू नका, ह्यांना आवडत नाही. आईनं दोन पोलकी शिवावीत, बाह्या मनगटापर्यंत. इथे वारा फार. काळजी करू नका. तुम्ही काय, पेला सांडला तरी पंचांग बघता!

आपली आशा

घोटी, ६ ऑगस्ट

चि. आशा,

सुलाबाईनं टोपली आमच्या ओट्यावर आदळली. तुमची लेक मोरीत पडत नाही, तिला पाडतात, म्हणाली. सगळ्यात मोठं माप काढलं तरी बांगडी सुजलेल्या पंजावर अडली. दंडावर चार बोटं उमटलेली. आणि तुझा नवरा वाल्मीक दारात उभा राहून सांगत होता की दाबा, जाईल.

मोरीला बोटं नसतात, पोरी. मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं. आईनं पोलकं बेतायला घेतलं होतं, तिनं कात्री भिरकावली. लांब बाह्या शिवणार नाही म्हणते.

हे पत्र सुलाबाईच्या टोपलीतून येतंय. वाचून चुलीत घाल. परवा सकाळी मी स्वतः मूळ म्हणून येतो. सासरची परवानगी मागायची असते. मी मागणार नाही. मला घाबरायला होतं, तरी येतो.

आबा

घोटी, २० ऑगस्ट

वाल्मीक,

नावाआधी चिरंजीव लिहीत नाही. धोंड्याला ह्या हातांनी तुझे पाय धुतले, त्याची शिसारी येते.

बायकोला थोडा धाक लागतोच, समजूत घालून परत धाडा, असं तू लिहितोस. धाडणार नाही. तुझ्या मामाला घेऊन येऊ नकोस, दारातून परत जाल. पोलिसांत तक्रार दिली आहे. बांगडी कुठे अडली, ते सुलाबाई सांगणार आहे.

काल नागपंचमीला तिनं आशाला बांगड्या भरल्या. माप लग्नाआधीचंच लागलं. दाबावं लागलं नाही.

खाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझा लोभ पाहिला. नसावा.

धोंडीराम