बाळंतिणींच्या खोलीतला नळ

यवतमाळ,
मंगळवार, जानेवारी १९६४

प्रिय उकंडा,

सकाळपासून लिहायला बसते आहे. एक ओळ लिहिते, उठते, वॉर्डात चक्कर मारते, परत येते तोवर पुढचं काय लिहायचं होतं ते डोक्यातून गेलेलं. काल घरी आई म्हणाली, पायाले भिंगरी लागल्यावानी काहून करून राह्यली? तिला सांगितलं, काही नाही. तुला मात्र सांगते. दवाखान्याचं नाव आलं की तू पत्राची घडी करून खिशात ठेवतोस आणि पुढचं वाचतच नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझी मोठी बहीण आहे मी, मला काय शिकवतोस! या खेपेला घडी घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडं गरम पाण्याचे नळ बदलायला काढले आहेत. सेठजींनी हा धर्मादाय दवाखाना बांधला तेव्हापासूनचे ते नळ. इथलं पाणी जड, तुला तर माहीतच आहे. आतून चुना धरत धरत नळ इतके बुजले होते की कापलेल्या तुकड्यात माझी करंगळी जाईना. बंबात कितीही लाकडं ढोसा, वॉर्डातल्या तोटीला पाणी यायचं ते कोमट, आणि तेही रडत रडत. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी अमरावतीच्या लखीरामला ठेका दिला. अट एकच घातली, दवाखाना एक दिवसही बंद राहायचा नाही. एकेक वॉर्ड घ्यायचा, रोगी शेजारी हलवायचे, नळ टाकायचे आणि पुढं सरकायचं. लखीराम म्हणाला, होऊन जाईल साहेब. त्याच्या तोंडी सदा तेच. माणूस तसा वाईट नाही, कामही चोख करतो.

सुरुवातीचे दिवस तर मौजेचेच गेले म्हण. भिंती फोडायची ठोकठोक, खाटांवर चुन्याची धूळ, आणि मोतीबिंदूचे म्हातारे डोळ्यांवर पट्ट्या बांधून शिव्या देत बसलेले. एक म्हणे, नळ बदलायले आले का आमचा जीव घ्यायले? मी फिरून फिरून सगळ्यांची समजूत काढत होते. पुरुषांचा वॉर्ड झाला, स्वयंपाकघर झालं, ऑपरेशनची खोली रविवारी सुटीचा दिवस बघून उरकली. नव्या तोटीखाली पहिल्यांदा हात धरला आणि असं काही पाणी आलं की बोटं पोळली. मी वेड्यासारखी हसत सुटले. मोठे डॉक्टर म्हणाले, सत्यशीला सिस्टर, आता बाळंतिणींचा वॉर्ड झाला की सुटलो. मलाही तसंच वाटलं.

आणि तिथंच सगळं अडलं. लखीरामचे फिटर पाने-हातोडे घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि अवजारं खाली ठेवून उभे राहिले. मला वाटलं चहा हवा असेल. त्यांच्यातला म्हातारा फिटर हात जोडून म्हणाला, "बाई, मारा हवं तं, पण आत नोका धाडू. घरी देव बसवले हायेत." बाळंतिणीचा विटाळ, उकंडा! मी म्हटलं, बायकांना शेजारच्या वॉर्डात हलवते. तर म्हणे, बायका हलल्या तरी खोलीचा विटाळ कुठं हलते? सोयर फिटू द्या, खोली शेणानं सारवा, मग येतो. अरे, या खोलीची सोयर फिटणार कधी? एकीची फिटते न फिटते तोच दुसरी कण्हत दारात हजर. लखीराम ठेका घेताना धरून चालला होता की तेवढी खोली रिकामी मिळेल, ही काय सांगायची गोष्ट आहे? मोठे डॉक्टर धरून चालले होते की बायका असतानाच काम होईल, ही काय विचारायची गोष्ट आहे? सांध्यान् सांधा मोजून ठरवला दोघांनी, पण ही एक गोष्ट कोणी तोंडातून काढली नाही. लखीरामनं वर्ध्याहून दुसरे फिटर आणवले. तेही त्याच दारातून परत गेले.

मला इतका राग आला की काय सांगू. हेच लोक माझ्या हातचा चहा पितात. आपल्या लहानपणी यांच्या बापांनी आपल्याला विहिरीच्या काठालाही उभं राहू दिलं नसतं, आता दवाखान्यातली सिस्टर म्हणून बशीत ओतून फुर्र करून पितात. मी म्हटलं, जिच्या हातचा चहा चालतो तिनं आज सकाळीच दोन बाळं ओढून काढली आहेत, मग कसं? म्हाताऱ्याला लाज वाटली असेल, पण पाऊल काही उचललं नाही. आपल्या आईनं छप्पन साली घरातले देव बोचक्यात बांधून नदीत सोडले त्या दिवशीच आपला विटाळ संपला. या लोकांना तो कोणी सोडायला लावायचा? मी चिडून चिडून थकले रे.

बरं, काम थांबलं असतं तर जुन्या नळावर भागवलं असतं. पण बाकीचे नळ नवे झाले, त्यांचा जोर जुन्या सांध्यांना सोसेना. खोलीतली भिंत पाझरायला लागली, म्हणून लखीरामनं तिकडची चावीच बंद करून टाकली. म्हणजे सगळ्या दवाखान्यात वाफाळतं पाणी, आणि जिथं सगळ्यात जास्त लागतं तिथं थेंब नाही, तेही या पौषाच्या थंडीत. तेव्हा धावून आली ती मानीबाई, फुलसावंगीकडच्या तांड्यावरची एक म्हातारी. सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आली आहे. तिनं कोणाला न विचारता आवारात तीन दगड मांडले, हंडा चढवला, आणि सुनेच्या पाण्याबरोबर सगळ्या बाळंतिणींचं पाणी तापवायला लागली. बघता बघता साऱ्यांच्या सासवा-आया तिथं चुली मांडून बसल्या. मोठे डॉक्टर आवारातल्या चुलींवर एरवी किती भडकतात! यावेळी त्यांनी मान फिरवली.

पण परवा मानीबाईच उकळता हंडा घेऊन ओसरीवर घसरली. पाय पोटरीपर्यंत भाजला. शेजारी खाटेवर नुकतं जन्मलेलं पोर होतं, ते थोडक्यात वाचलं. त्या म्हातारीच्या पायाला मी पट्टी बांधत होते तर ती मलाच आई म्हणून समजावते, रडू नको याडी. मोठे डॉक्टर ते बघून गेले आणि संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, बस झालं, पुढच्या सोमवारपासून बाळंतिणींचा वॉर्ड बंद, काम होईपर्यंत बायकांना वर्ध्याला पाठवा. मी भांडले. आडवाटेच्या खेड्यांतून बैलगाडीत घालून आणलेली बाई वर्ध्याला कशी पोचायची? पोचणार नाही, घरीच राहील, नाहीतर वाटेत मरेल. ते म्हणाले, मग सोमवारच्या आत त्या खोलीत जाणारा फिटर आणा. कुठून आणू, विचारलं तर राउंडला निघून गेले.

कुठून आणायचा ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, उकंडा. गिरणीच्या बॉयलरवर इतकी वर्षं काढलेला माझा भाऊ नागपुरात आहे, हे मी लखीरामला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही, स्वतःशीही बोलले नाही. कारण मी त्या फिटरांवर चिडत होते, आणि रात्री अंथरुणात लक्षात यायचं की माझा भाऊसुद्धा सहा वर्षांत त्या दारातून आत आलेला नाही. भीमजयंतीला गावी येतोस, मला भेटायला येतोस, पण फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहतोस आणि निरोप पाठवून मला बाहेर बोलावतोस. मी कधी काही म्हटलं का? कशी म्हणणार? तुझी रुखमा याच खोलीत बाळंतपणात गेली तेव्हा तिचा हात माझ्याच हातात होता. तुझा मुलगाही तासाभरात गेला. तू ओसरीवरून मला एवढंच विचारलं होतंस, "बाई, आत गरम पाणी आहे ना?" तुला वाटत होतं, पाणी असलं की सगळं ठीक होईल. पाणी होतं रे. डॉक्टर होते, मी होते. रक्तच थांबलं नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू ऐकायला थांबलाच नाहीस, आणि मग आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

आज मी लखीरामला तुझं नाव सांगितलं. तो तयार आहे, काम त्याच्याच ठेक्यात धरणार आहे. हे पत्र नागपूरच्या गाडीचा कंडक्टर उत्तमसिंग तुझ्या हातात देईल, परतीच्या गाडीत तो तुला बसवूनही घेईल. उकंडा, ये. मी खोटं सांगत नाही, खोली तीच आहे, भिंत तीच आहे. काम चालू असताना पडद्याआड कोणीतरी ओरडत असेल, तुले ते ऐकत नळांना आटे पाडावे लागतील. मधेच उठून बाहेर गेलास तर मी हाक मारणार नाही. आलाच नाहीस तरी आपल्यात काही बदलायचं नाही, तुझी शपथ. पण ती खोली विटाळानं बंद पडावी, दुःखानं बंद पडावी, हे मला बघवणार नाही. रुखमानंतर तिथं किती पोरं जन्मली, माहीत आहे का तुले? एकदा आत येऊन त्यांचं रडणं ऐक. मी तुझ्याबरोबर आत येईन आणि तू सांगशील तोपर्यंत तिथंच उभी राहीन.

तुझीच,
बाई