कोरा समास

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, आधी बस. तुझ्या भावोजींच्या कानशिलावरचा काळा डाग, ज्याला आपण छापखान्याची शाई म्हणून चिडवायचो, तो कातडीचा कॅन्सर निघाला. मागच्या आठवड्यात काढला. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, काढलेल्या तुकड्यात भोवतीची चांगली कातडी एका बाजूला कमी पडली, तिथे रोग अगदी कडेपर्यंत दिसतोय. पुन्हा कापायचं. तरीही कड स्वच्छ आली नाही, तर किरणांचा शेक द्यायचा. त्याचा गुण कितपत येईल, ते त्यांनाही सांगता येईना.

आमच्या स्वारीने सगळं ऐकून घेतलं आणि हे म्हणाले, बाई, तुम्ही समास कमी सोडलात. त्या बिचाऱ्या विचारतात, कसला समास? तर यांनी केसपेपरची कोरी कड दाखवली. मला तिथे हसू आलं, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. यांना कळलेलं नाही.

तुझी ताई

९ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

बसून वाचलं आणि बसूनच राहिले. शनिवारी येते. नको म्हणू नकोस आणि माझ्यासाठी घर आवरत बसू नकोस. भावोजींना कळलं नाही म्हणतेस? यंत्रांच्या खडखडाटात ज्यांना चहाची हाक ऐकू येते, त्यांना नळाआडचं रडू ऐकू येणार नाही होय? कानशील कापलं तरी तोंड शाबूत राहिलं, याचं मला फार वाईट वाटतंय असं त्यांना कळव.

बाकी भेटीत.

तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू गेलीस आणि लगेच दुसऱ्यांदा कापलं त्याचा रिपोर्ट आला. शेक नको, काही नको, फक्त अधूनमधून दाखवायला जायचं. यांनी विचारलं, समास कोरा ना? डॉक्टरीणबाई आता तयार झाल्या आहेत. चारी बाजूंनी कोरा, म्हणाल्या. बाहेर आले आणि जिन्यावरच बसकण मारली.

घरी येऊन बघते तो, ओला टॉवेल गादीवर. मग मी जी सुरुवात केली ती दम लागेपर्यंत. हे आपले गालात हसत बसलेले. हसायला काय झालं विचारलं, तर म्हणाले, महिनाभर नुसती गोड बोलत होतीस. मला वाटलं, डॉक्टरांनी तुला एकटीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. आज जिवात जीव आला.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई