पर्जन्यमापकात क्षिप्रेचं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसले आहे. गेल्या महिन्यात इथल्या, उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावरून यात्रेच्या बसने श्रीनाथजींच्या दर्शनाला गेले होते. खिडकीतून अरवली दिसायला लागली आणि जपमाळ हातातच राहिली. कितीतरी डोंगर अर्धे कापलेले, आतून पांढरे. इथे कॉलनीत हल्ली जो तो संगमरवर बसवून घेतोय, तो तिथूनच येतो. शेजारची म्हणाली, "भाभी, सूखे पहाड़ में क्या देख रही हो?" मी म्हटलं, "मायका है मेरा."

माहेरच की. हवामान खात्याने तुमची बदली त्या डोंगरावर केली तेव्हा मी दहा वर्षांची. रोज सकाळी साडेआठला तुम्ही पर्जन्यमापकाचं तांब्याचं नरसाळं उचलता, आतल्या बाटलीतलं काचेच्या मापात ओतून बघता आणि रजिस्टरात शून्य लिहिता. दोन वर्षं पाऊस नाही. खालच्या गावातली दूधवाली गाई विकून दुष्काळी कामावर दगड वाहते, तरी सवयीने आईपाशी येऊन टेकते. "बादल तो आवै है बाई सा, बरसै कोनी." ढग येतात, बरसत नाहीत, हेच तिचं रोजचं. मजुरीत तिला धान्य मिळायचं, त्यावर घरातली पाच तोंडं.

पाऊस लांबला की उज्जैनला महादेवाला पाण्यात बुडवतात, एवढं मला ठाऊक. म्हणून रामघाटावरून आणून आईने देवघरात जपलेलं क्षिप्रेचं पाणी एका सकाळी मी 'ॐ नमः शिवाय' म्हणत त्या नरसाळ्यात ओतलं.

तुम्ही माप उन्हात धरलंत, मग पायाखालची कोरडी वाळू बघितलीत. "हे कोणी केलं?"

"वानरं असतील," आई म्हणाली.

"वानरं वर बेलाचं पान वाहत नाहीत."

मी रडायलाच लागले. तुम्ही हात उगारला नाहीत. "बेटा, हा आकडा तारेने गेला असता. तिथे बसलेल्या साहेबाला आकडाच दिसतो. पाऊस झाला, काम बंद करा! मग दूधवालीनं काय खायचं?"

त्या संध्याकाळी मला डोंगराच्या माथ्यावरच्या धारेवर नेलंत. ढग नैऋत्येकडून येतात आणि हे डोंगरही त्याच दिशेने पसरलेले, त्यामुळे ते आडवे येतच नाहीत, ढग कडेकडेने निघून जातात, हे तुम्ही हाताचा पंजा वाऱ्यात धरून दाखवलंत. उगवतीच्या उतारावर धोक नावाची तिथली झाडं, पानं झडली तरी जिवंत. मावळतीला निवडुंग, एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी, आणि जिथे खिंड होती तिथून आत घुसलेली वाळूची जीभ. "हिमालयाच्याही आधीचे हे म्हातारे," तुम्ही म्हणालात. "पाऊस अडवणं जमत नाही, पण वाळू अडवून धरलीय बिचाऱ्यांनी." पुढे मॅट्रिकला भूगोलात मी पहिली आले, ती त्या एका संध्याकाळच्या जोरावर. दुसऱ्या दिवसापासून माप माझ्या हातात दिलंत. चूक केलेल्या पोरीवर असा विश्वास कोण टाकतं, बाबा? आजही एखाद्या दिवशी दूध आलं नाही तर मी वहीत रकाना मोकळा सोडत नाही, शून्य लिहिते.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, पोथीत राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्याच दुष्काळात तुम्ही तापाने फणफणला होतात, तेव्हा पहाटे भुरभुर झाली होती. साडेआठपर्यंत वाळू सुकली. बाटलीतलं मापात ओतलं तर तीन मिलिमीटर भरलं, आभाळातलं, खरं. मला डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली दूधवाली दिसली. मी शून्य लिहिलं. तुम्ही पडल्या पडल्या, न बघता त्यावर सही केलीत. तुमच्या सहीची तेवढी एकच ओळ खोटी आहे, आणि ती माझ्या हातची. महाकालापुढे सगळ्या चुकांची क्षमा मागते. हिची मात्र अजून मागितलेली नाही.