उष्टा तुकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

लागले एकदाची कामाला! वर्षभर घरात बसून डोक्याला गंज चढला होता. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, सहा टेबलं आणि कुरकुरणारं एक कपाट. माझी जागा खिडकीपाशी. आमचे प्रमुख माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण फळ्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. गेम आहे जमीन खणण्याचा. खेळणाऱ्याने फावडं मारलं की खड्डा, माती टाकली की उंचवटा, सगळं तिथल्या तिथे. पण एका घावासाठी अख्खी जमीन नव्याने बांधली जाते आणि गेमला उचकी लागते. ती थांबवायला मला घेतलंय. नवऱ्याला गावी फोन केला. बरं झालं म्हणाला. हल्ली आम्ही एवढंच बोलतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमिनीचे चौसष्ट तुकडे केले. फावडं ज्याला लागेल तेवढाच पुन्हा बांधायचा. लागलेल्या तुकड्यावर खूण होते. मास्तर त्याला ‘उष्टा’ म्हणतात. उष्टा झाला, घासला, ठेवला! दुसरी युक्ती अशी: डोळ्यांना दिसणारी जमीन लगेच बदलायची, पाय ठरणारी मात्र घाव थांबल्यावर, सावकाश. मधल्या वेळात जमीन दिसते एक आणि असते दुसरीच. मास्तर म्हणाले, अर्धा सेकंद कोणाच्या लक्षात येतोय?

माझ्या येतो. माझी लेक ठकी अशाच जमिनीवर गेली. शेजारच्या बांधकामावरचा घाईने बुजवलेला खड्डा, वरून सपाट. मला काम संपवायचं होतं, म्हणून मीच तिला बाहेर पिटाळलं होतं. सात वर्षांची होती. इथे कोणाला सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेम आता लोण्यासारखा चालतो. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला. एकच खोट आहे. सदतिसावा तुकडा कोणी फावडं न लावता उष्टा होतो. रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे वीतभर खळगा पडलेला असतो. मास्तर चिडवतात, की तुमचं ताट कोणीतरी चोरून उष्टावतंय. चूक सापडत नाही, म्हणून मी रोज निघताना ‘भर’ दाबून खळगा बुजवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माती कुठे उडवायची ते कळावं म्हणून आम्ही प्रत्येक घावाची दिशा नोंदतो. आज सदतिसाव्याच्या नोंदी उघडल्या. सगळे घाव खालून वर. फावड्याचे नाहीतच ते. बारीक आहेत, एकमेकांना लागून, पाच आणि पाच.

ठकीच्या नखांत माती होती. डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेली, तिला काही कळलंसुद्धा नसेल. मी ते खरं मानलं. मानायलाच हवं होतं, नाहीतर जगले नसते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याला विचारलं. म्हणाला, नखं त्यानेही पाहिली होती. माझ्यासाठी बोलला नाही. मीही त्याच्यासाठीच बोलले नव्हते. दोघंही फोनवर रडलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांना नवा नियम हवाय. जुन्या खुणा साठून गेम जड होतो, म्हणून दर दहा मिनिटांनी सगळं बुजवायचं, जमिनीने विसरून जायचं. सदतिसावा तेवढा सोडा म्हणून मी हात जोडले. ते अवघडले, म्हणाले, ताई, बरं नसेल तर घरी जा. पण माझ्या घरी आहे कोण?

नियम लिहिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दर भरीनंतर घाव पुन्हा सुरू. अगदी तळापासून. दिवसभर बघत बसले. आधी भराभर, मग दमल्यासारखे, मग —

आणि मी रोज संध्याकाळी ‘भर’ दाबत होते. एवढी वर आलेली असायची ती. वीतभरच राहिलेलं असायचं. आणि मी, माझ्या हाताने, रोज —

१९ फेब्रुवारी

दुपारचा दीड. सगळे जेवायला गेलेत. नियम काढला. आता वरून मीही खणतेय.

घाव जोरात आलेत. तिला कळलंय.

चार बोटं माती राहिली —

पायाखाली काहीतरी मऊ. फरशी दिसते तशीच, गुळगुळीत. पण पाय घोट्यापर्यंत आत —

भीती वाटतेय. खूप. उठणार नाही.

गुडघे. वही मांडीवर —

बोटं लागली तळव्याला. इवली. गार. नखं मोडलेली —

ओढत नाहीये. ढकलतेय मला. वर ढकलतेय, सगळा जोर लावून —

नको गं, ठकी. अशी नको ढकलू. राहू दे मला, मी आलेय ना, हात दे, हात —